तुकोबारायांनी कालवलेली माती

या महिन्याच्या निरूपणासाठी आम्ही अभंग घेतलेला नाही, एक वास्तू घेतली आहे. गावच्या देवळापुढचा सभामंडप, हीच ती वास्तू. कुणी म्हणेल, "बुवा, कीर्तन सोडून गवंडीकामात कशाला पडता?" परंतु माउली, आपल्या संप्रदायाला मंडपावाचून चालत नाही. जप एकट्याने होतो, पूजा देवघरात होते. वारकऱ्याचे भजन मात्र दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्याशिवाय रंगत नाही. मधे विणेकरी, बाजूला मृदंग, दोहोंकडे टाळकरी आणि ऐकायला गाव. एवढ्यांना उभे राहायला व टेकायला जागा हवी.

जुन्या गावात सर्वांच्या जाण्यायेण्याच्या जागा मुख्यत्वे दोन. एक चावडी, दुसरी देऊळ. चावडीवर पाटील बसे, कुळकर्णी दप्तर मांडी, साऱ्याचा हिशेब होई. तिथे बोलावणे आले की कुणब्याच्या पोटात गोळा यायचा. तो हात जोडून उभा राही. तोच कुणबी संध्याकाळी देवळाच्या मंडपात खांबाला पाठ टेकून निवांत मांडी घालून बसे. सागाचे खांब, वर कौले किंवा माळवद, खाली शेणाने सारवलेली भुई. वाटसरू तिथेच कांबळे अंथरी, दिंडीचा मुक्काम तिथेच पडे, भावाभावांचे बांधाचे भांडण तिथेच मिटे, आणि कित्येक गावांत मुलांनी पहिली अक्षरे गिरवली तीही त्याच मंडपात. त्या जागेवर गावाचा जीव होता तो यासाठी. (सगळ्या गावाचा होता काय, ते पुढे बोलू.)

आता आपल्या कासारवाडीकडे या. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीचा सोहळा सुरू केला. आकुर्डीचा मुक्काम आटोपून ही पालखी पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी अशी पुण्यास जाते. पूर्वी त्या वाटेला दुतर्फा शेते होती. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६० नंतर औद्योगिक वसाहत आली, १९७० साली आसपासची गावे मिळून नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. २०२२ साली तर कासारवाडीच्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो धावू लागली. त्या मार्गावरच्या एका स्थानकास संत तुकारामनगर असे नाव आहे, हे ऐकून आमच्या म्हाताऱ्या टाळकऱ्यांना हसू येते. पायी जाणाऱ्याचे नाव गाडीला!

या पट्ट्यातल्या जमिनींना भाव आला, हाती पैसा आला. पैसा आला म्हणजे मराठी गावाला आधी देवळाची आठवण होते. हे चांगलेच लक्षण आहे, त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. ठिकठिकाणी जुने मंडप उतरवून नवे बांधले गेले, खाली गुळगुळीत फरशी आली, वर पंखे आले, देणगीदारांच्या पाट्या आल्या. आणि दाराला कुलूप आले. आमचा सवाल या कुलपाशी आहे.

त्याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. देहू इथून हाकेच्या अंतरावर. तुकोबारायांच्या घरचे विठ्ठलाचे देऊळ त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्या वेळचे. सन १६३० च्या सुमारास दख्खनेत महाभयंकर दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली, लेकरू गेले, गुरे गेली, वाण्याचा धंदा बसला, लोकांत मान राहिला नाही. आपल्या आत्मचरित्रपर अभंगात महाराजांनी हे सारे स्वतःच सांगितले आहे, आडपडदा न ठेवता. आणि त्याच ओघात ते पुढे सांगतात की, देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे चित्ताला वाटले.

इथे थांबा, माउली. हा क्रम पाहून घ्या. ज्याचे दिवाळे निघाले, घरात खायला नाही, तो माणूस म्हणतो देऊळ बांधतो! आपण काय म्हणतो? "अंमळ हातात पैसा खेळू दे, मग मंडपाचे बघू." महाराजांपाशी पैसा नव्हता म्हणून वर्गणीची पावतीपुस्तके निघाली नाहीत. चरित्रकार सांगतात की त्यांनी स्वतः माती कालवली, स्वतः भिंती उभ्या केल्या. आमच्या समजुतीने त्या मातीत त्यांचे दुःखही कालवले गेले. बायकोपोरांच्या जाण्याने मोडलेला संसार पुन्हा बांधता येत नव्हता. मोडलेली भिंत बांधता येत होती. दुःखी माणसाच्या हाताला काम दिले की त्याला श्वास घेता येतो, हे खेड्यातल्या कोणत्याही आजीबाईस विचारा.

बरं, देऊळ उभे राहिले, पुढे काय केले? महाराज तिथेच सांगतात: एकादशीस कीर्तन करू लागलो. प्रथम अभ्यासाकडे मन नव्हते, म्हणून संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणारे गात त्यांच्या मागे आपण ध्रुपद धरले. भिंत सुकते न सुकते तोच मंडपात टाळ वाजू लागला, आणि बांधणारा सर्वांच्या मागे उभा राहिला! त्या जागेतून पुढे काय निघाले ते महाराष्ट्र जाणतो. मंडपाचा जीर्णोद्धार म्हणतात तो हा. भिंतीची दुरुस्ती त्यातला पहिला भाग, एकादशी दुसरा. आपण पहिल्यावर लाखो खर्चतो आणि दुसऱ्याच्या वेळी टाळकरी भाड्याने आणतो.

कासारवाडीत राहणाऱ्यास कासाराचा दृष्टांत द्यावा. पितळेचा तांब्या रोज चिंचेने घासला, रोज त्यात पाणी भरले, तर तो लख्ख राहतो. तोच माळ्यावर जपून ठेवा. सणाला काढाल तेव्हा हिरवा पडलेला. जपून ठेवल्याने पितळ राखले जात नाही. मंडपाचेही तसेच.

आमच्या काळातला एक दाखला सांगतो. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. कमी पावसाचा मुलूख, कोरडी रानं, कर्ज आणि गावठी दारू. गावच्या संत यादवबाबांच्या देवळाची दशा अशी की देवळाचे लाकूड काढून लोकांनी दारूच्या भट्टीत घातले. ऐकायला कसेसेच वाटते, परंतु ज्या मंडपात कुणी बसत नाही त्याचे लाकूड शेवटी सरपणच की! १९७५ साली सैन्यातली नोकरी संपवून अण्णा हजारे गावी परतले. निवृत्तीचे जे काही हजार रुपये हाती आले ते त्यांनी या देवळाला लावले व स्वतः देवळातच राहू लागले. आधी लोक नुसते पाहत होते. मग तरुण पोरे कामाला लागली, म्हातारे येऊन बसू लागले. गावाची सभा देवळात भरू लागली आणि तिथेच ठरले की दारूच्या भट्ट्या बंद करायच्या. देवापुढे ठरले म्हणून त्याला शपथेचे वजन आले. तीसच्या वर भट्ट्या मालकांनी आपण होऊन मोडल्या. बांधबंदिस्ती, पाणी अडवणे, झाडे लावणे हे त्यानंतरचे. पुढे या गावाचे पाणी पाहायला दूरदूरचे लोक आले, पण पाण्याची पहिली बोलणी झाली ती देवळात.

एक गोष्ट मात्र आम्हांस पटलेली नाही, ती बोलून दाखवतो. ज्यांची दारू सुटेना त्यांना खांबाला बांधून मारले, हे अण्णांनी स्वतः सांगितले आहे. आई कडू औषध देतेच, असा त्यांचा युक्तिवाद. असेल. परंतु आम्ही गळ्यात तुळशीची माळ पडल्यावर दारू सुटलेली माणसे पाहिली आहेत, फटक्याने सुटलेली नाही. देवळाचा खांब टेकायला असतो. त्याला माणूस बांधला की ते देऊळ पुन्हा चावडी होते.

आणि आता ते मघाशी कंसात ठेवलेले. मंडप सगळ्या गावाचा होता काय? नव्हता. चोखोबारायांची गोष्ट आठवा. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत बांधण्याचे काम चालले होते, १३३८ साली ती कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. गावाची भिंत रचणारा तो, आणि त्याच गावाच्या देवळात पाऊल टाकायची त्याला मुभा नाही! नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. समाधी आहे ती महाद्वाराशी, बाहेर. त्यानंतर सहाशे वर्षे आपण त्या समाधीला हात जोडून आत गेलो आणि त्यांच्या जातभाईंना बाहेर ठेवले. अखेर साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात, १ तारखेपासून १० तारखेपर्यंत, पंढरपुरात उपोषण करावे लागले. ते बसले तनपुरे महाराजांच्या मठात. सारे मठ बंद नव्हते, एवढेच आपल्या बाजूने सांगता येते.

२०२४ साली पंढरीच्या मंदिरात जतनाचे काम झाले, तेव्हा अडीच महिने पायांवर डोके ठेवून दर्शन बंद होते. अलीकडच्या काळात बसवलेल्या फरशा काढल्या आणि जुना काळा दगड उघडा केला. पाहून आलेले वारकरी म्हणत होते, "देऊळ लहानपणी पाहिल्यासारखे दिसते." भर घालण्यापेक्षा काढून टाकण्यात जास्त जीर्णोद्धार असतो, हे त्या कारागिरांनी दाखवले. आपल्या मंडपातून काय काढायचे?

आमच्या मते पहिली काढायची ती "गाववाले" आणि "भाडेकरू" ही रेघ. या पट्ट्यात आज बीड, परभणी, नांदेड, लातूर, बुलढाण्याचे हजारो कामगार खोल्यांत राहतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची वारी आहे. रात्रपाळी करून आलेला तो पोरगा पालखीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, कानाला सवय असल्याने पावली कुठे चुकली ते त्याला कळते, आणि आपल्या मंडपात मात्र तो दाराशी चपलांपाशी बसतो, कारण पुढे बसायला त्याला कुणी म्हटलेले नाही. सप्ताहात विणा चोवीस तास खाली ठेवायची नसते. रात्री दोनचा पहारा धरायला गावात माणूस मिळत नाही अशी तक्रार आम्ही ऐकतो. माउली, रात्री दोनला जागा असणारा माणूस या पट्ट्यात नाही? पाळी सुटलेले कितीतरी जागे आहेत. त्यांच्या गळ्यात विणा द्या.

मंडप नवा बांधीत असाल तर पैसे देणाऱ्याबरोबर हात देणाऱ्याचीही वही ठेवा. प्रत्येक घरचा एक माणूस एक दिवस घमेले उचलील असे करा. ज्याने घमेले उचलले तो तिथे पिंक टाकणार नाही. लग्नकार्यास मंडप द्यावा, जरूर द्यावा, गरिबाचे कार्य होते. परंतु एकादशीची तारीख कुणालाही विकू नका. जुना सागाचा एखादा खांब धड असेल तर तो भंगारात घालू नका, नव्या कामात कुठेतरी उभा करा. त्याला पाठ टेकून बसलेले आजोबा अजून कुणाच्या ना कुणाच्या आठवणीत आहेत. आणि दुपारी मंडपाचे दार उघडे राहू द्या. एखादी म्हातारी येऊन लवंडेल, शाळेतली पोरे अभ्यास करतील. चोरीची भीती असेल तर चांदीची प्रभावळ तेवढी पेटीत ठेवा. पांडुरंगाला कुणी चोरून नेत नाही.

ज्येष्ठात पालखी या रस्त्याने जाईल तेव्हा पाऊस असतोच. कासारवाडीपासून दापोडीपर्यंत ज्या ज्या मंडळींच्या ताब्यात मंडप आहे त्यांनी त्या दिवशी पहाटेच दार उघडावे, भुई कोरडी करावी, पाण्याचे पिंप भरून ठेवावे. भिजलेली दिंडी विसाव्याला कुठे बसेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून किल्ली कुणाकडे आहे, एवढे येत्या एकादशीच्या भजनाला विचारून ठेवा.