उतरलेला काटा

लातूर जिल्ह्यातलं एक पोरगं नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतं. बाप औसा तालुक्यातला सोयाबीन-तुरीचा शेतकरी. पोराकडं 200 सीसीची गाडी, कूलंटवाली. आपल्याकडं अशा गाड्या उशिराच आल्या. राजदूत, बुलेट, स्प्लेंडर या सगळ्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या. 2008 मध्ये यामाहाची आर 15 आणि 2012 मध्ये पल्सर 200 एनएस आली, तेव्हा कुठं दुचाकीलाही रेडिएटर असतो हे इथल्या गॅरेजांना सवयीचं झालं.

पोराला उन्हाची धास्ती. मे महिन्यात नांदेडचा पारा 42-43 वर ठाण मांडून बसतो, आणि इंजिन तापलंय हे सांगायला गाडीत काय, तर एक लाल दिवा. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, असं पोराचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून त्यानं दोन गेज मागवले, एक ऑइल प्रेशरचा आणि एक पाण्याच्या तापमानाचा. खोकं घेऊन तो देगलूर नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादांनी पहिल्यांदा पान्याला हात लावलाच नाही. तापमानाचं सेन्सर आणि गेज बॅटरीला जोडून ते शेजारच्या चहाच्या गाड्यावर घेऊन गेले. चहावाल्याकडून एका जुन्या पातेलीत पाणी उकळून घेतलं आणि सेन्सरचं पितळी टोक त्यात बुडवलं. काटा चढत चढत शंभराच्या जरा अलीकडं थांबला.

"शंभर कुठं दाखवतंय उस्ताद?" पोरगं कुरकुरलं.

"नांदेड काय समुद्राच्या काठावर आहे का? इथं पाणी शंभराच्या आतच उकळतंय. तुमच्या लातुरात तर आणखी आधी. काटा बरोबर आहे."

मग काम सुरू झालं. ऑइलसाठी त्यांनी कंपनीचा स्विच काढून तिथं टी बसवली. टीच्या एका तोंडाला तोच स्विच परत, दुसऱ्या तोंडाला नळी, आणि नळीच्या टोकाला सेन्सर चेसीला पट्टीनं आवळलेलं. सेन्सर थेट टीवर चढवलं असतं तर वेळ वाचला असता, पण ते वजनदार असतं आणि इंजिनच्या थरथरीनं पितळ मानेपाशी तडकतं. तडकलं की भर रस्त्यात सगळं ऑइल बाहेर. पोरगं टेफलॉन टेप गुंडाळायला लागलं तसा उस्तादांनी त्याचा हात धरला. "दोन फेरे बस. काही सेन्सर आट्यांमधूनच अर्थ घेतात. टेपचं पागोटं बांधलंस तर अर्थ तुटतो, मग काटा मनाला येईल तिथं जाऊन बसतो." हे सेन्सर चेसीवर असल्यामुळं त्याच्या बॉडीला त्यांनी वेगळी अर्थची वायर दिलीच.

पाण्याच्या सेन्सरसाठी इंजिनमधून रेडिएटरकडं जाणारा वरचा होज पाइप कापून मध्ये अॅल्युमिनियमचा जोड घातला आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या. रबर करंट नेत नाही, म्हणून त्या जोडालाही वायर लागली. वरचाच पाइप का, हे पोरानं विचारलं नाही. पुस्तकात वाचलं होतं त्यानं. गरम पाणी तिथून जातं. खालच्या पाइपात सेन्सर घातलं तर रेडिएटरमधून निवून आलेल्या पाण्याचं तापमान कळेल, इंजिनचं नाही.

खटका उडाला तो डायल बसवताना. पोराला दोन्ही डायल मधोमध हवे होते.

"लाल दिवा झाकायलाय बघ," उस्ताद म्हणाले.

"आता दिव्याचं काय काम? आकडाच दिसायलाय की."

गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाइकाची मर्जी. डायल मधोमध बसले.

निघताना उस्तादांनी चार गोष्टी सांगितल्या. गार इंजिनात ऑइल घट्ट असतं म्हणून प्रेशर जास्त दिसेल, खूश होऊ नको. गरम झाल्यावर स्लोला काटा खाली येईल, घाबरू नको, पण रेस दिली की तो उठला पाहिजे. पन्नासेक किलोमीटर झाले की गाडी गार करून होज पाइपच्या क्लिपा एकदा आवळ, रबर तापून दबतं. आणि चौथी गोष्ट: "काटा कुठंही हलला, वर नाहीतर खाली, तर का हलला ते आधी बघ."

पोरानं मान डोलावली. 'वर' तेवढं त्याच्या ध्यानात राहिलं. गेज बसवणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. काटा लाल पट्ट्यात जाईल या भीतीपायीच तर पैसे घातलेले असतात.

दोन दिवसांनी तो भर दुपारी गावाकडं निघाला. सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, मग लातूर आणि पुढं औसा. लोह्यापर्यंत पाण्याचा काटा नव्वदच्या आसपास. पन्नास किलोमीटर होत आले होते, पण या उन्हात गाडी लावून ती गार कधी व्हायची? क्लिपा घरी गेल्यावर आवळू म्हणाला. लोहा सोडल्यावर काटा पंच्याण्णवला गेला तसा जीव खालीवर झाला. आणि माळाकोळीच्या अलीकडं काटा उतरायला लागला. नव्वद, ऐंशी, सत्तर. वर आग ओतणारं ऊन, समोरून भट्टीसारखा वारा, गाडी मघाइतक्याच वेगात, आणि इंजिन थंड होतंय! पोराला हायसं वाटलं. त्यानं आणखी पिळली.

दुसरा डायल मात्र वेगळंच सांगत होता. रेस असूनही ऑइलचं प्रेशर रोजच्यापेक्षा खाली होतं आणि आणखी खाली चाललं होतं. पोरानं ते पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि त्याचा अर्थही लावला: 'गरम झाल्यावर खाली येतं, उस्तादच म्हणाले होते.' आता इंजिन गरम असेल तर पाण्याचा काटा सत्तरवर कसा, आणि थंड असेल तर ऑइल पातळ कसं झालं? दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. त्यानं ज्याची साक्ष गोड लागली त्याला खरं मानलं आणि दुसऱ्यासाठी सबब शोधली. शिकलेल्या माणसाला सबब लवकर सापडते, हा शिक्षणाचा एक तोटाच म्हणायचा.

मध्येच एक गोडसर, करपट वास आला. मग आवाज घोगरा झाला, ओढ गेली. माळाकोळी ओलांडून थोडं पुढं गेल्यावर मागचं चाक एकदम जाम होऊन घासत गेलं. नशीब एवढंच, की मागं ट्रक नव्हता आणि त्यानं क्लच दाबला. स्टार्टर, धक्का, कशालाच इंजिन हलेना. पाण्याचा काटा तेव्हा पन्नासच्या खाली होता.

गाडी छोटा हत्तीत घालून परत देगलूर नाक्यावर आणली. उस्तादांनी रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं आणि कोरडं बोट पोराला दाखवलं. वरच्या होज पाइपची एक क्लिप सैल पडली होती. थेंब थेंब करत कूलंट वाऱ्यावर उडून गेलं होतं. पातळी सेन्सरच्या खाली गेल्यावर सेन्सर पाण्यात राहिलंच नाही. उरलेल्या वाफेत-हवेत ते लटकत राहिलं, आणि बाहेरून वारा त्या अॅल्युमिनियमच्या जोडाला निववत राहिला. हवा पाण्यासारखी उष्णता पोचवत नाही. सेन्सर जिथं बसलं होतं तिथलं खरं सांगत होतं. तिथं पाणीच नव्हतं, हे त्याला कळण्यासारखं नव्हतं. कंपनीचं सेन्सर इंजिनच्या हेडमध्ये होतं. त्यानं लाल दिवा लावला असणारच, पण तो दिवा डायलच्या पाठीमागं.

"क्लिप माझ्या हातची," उस्ताद म्हणाले. "मजुरी घेणार नाही. काटा खाली आल्यावर जेवढी गाडी पळवलीस, तेवढी तुझी."

ब्लॉक-पिस्टन बदलावं लागलं, हेड वाकलं होतं त्याला फेस मारून आणावा लागला. खर्च गेजच्या किमतीच्या कितीतरी पट गेला. पैसे द्यायला बाप नांदेडला आला. सगळं ऐकून घेतल्यावर पोराला एवढंच विचारलं, "2016 ला आपला बोअर आटला, तवा स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा कुठं गेला होता?"

पोरगं गप्प बसलं. त्या वर्षीचा एप्रिल त्याच्या वयाचं कुणी विसरणार नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शेतातला बोअर त्याच्या आधीच गेला होता. मोटर चालू, पाइप कोरडा, आणि अँपिअरचा काटा खाली. पाणी उचलायचं ओझंच उरलं नाही की मोटर कमी करंट ओढते. काटा उतरला म्हणून मोटरला आराम पडला असं तेव्हा घरात कुणाला वाटलं नव्हतं. आई ओरडली होती, "मोटर बंद कर, जळंल!" आणि स्टार्टरचं लाल बटन दाबायला पळत गेलं होतं ते हेच पोरगं, वय वर्षं अकरा.

उस्तादांनी दोन्ही डायल मधून काढून हँडलच्या डाव्या अंगाला बसवले. लाल दिवा मोकळा झाला. गेज बदलायची गरज पडली नाही, दोन्ही ठीक होते.

तुम्ही असे गेज बसवणार असाल तर क्लिपा पन्नास किलोमीटरनंतर आवळाच. आठवड्यातून एकदा सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट डोळ्यांनी बघा. तापलेल्या इंजिनावर मात्र त्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून तोंडावर येतं.