अंगठी आणि अंगठा

गेल्या दिवाळीत अमेरिकेतल्या भाच्यानं मला एक अंगठी आणली. खरं म्हणजे अंगठी मामानं भाच्याला करायची असते; पण उलटा ओघ अडवण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. अंगठी काळी कुळकुळीत. आमच्या हिनं ती तळहातावर तोलून विचारलं, "लोखंडाची? शनीची आहे का?"

"टायटॅनियमची, मामी. मामाची नाडी, झोप, चालणं सगळं मोजते."

"म्हणजे मी इतकी वर्षं करत्येय तेच," ही म्हणाली.

या अंगठीला आतून बारीक दिवे असतात. ते कातडीवर उजेड टाकतात. परतणारा उजेड रक्ताच्या ठोक्यागणिक कमीजास्त होतो, त्यावरून नाडी कळते. नाडी आणि हालचाल यांवरून झोपेचा अंदाज बांधतात आणि सकाळी ताळेबंद मोबाइलवर हजर! मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडा दिसला की विश्वास ठेवायचा, ही सवय. एकदा रात्रभर सुरेख झोपून उठलो. मोबाइल म्हणाला, झोप शंभरपैकी ५१. तत्क्षणी मला जांभई आली आणि दिवसभर काउंटरवर मी एक्कावन्न मार्कांचा माणूस म्हणून वावरलो. हिनं "झोप झाली का?" विचारलं की "थांब, बघून सांगतो" म्हणायला लागलो.

दागिन्यानं माणसाची ओळख पटते, हे जुनंच आहे. पण आजवरचा दागिना मी कोण ते लोकांना सांगायचा. हा दागिना मी कोण ते मलाच सांगतो, आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतो.

आमच्या बँकेत सोनं तारण घेताना मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांचं वजन वजा करतात. ज्यांच्यामुळे ते मंगळसूत्र, तेच हिशेबात शून्य! तरी सोनं अडीनडीला उपयोगी पडतं. या अंगठीची बॅटरी काही वर्षांत दमते, बदलून मिळत नाही, मोडीत सोनार घेत नाही. सोन्याचा दागिना आपण गहाण टाकतो. इथं दागिना आपल्या बोटात आणि आपण गहाण. माझी झोप कुठल्या संगणकात तारण पडलीय, देव जाणे. सोडवून आणायला पावतीही नाही.

ही कल्पना आजची नव्हे. १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनं चिप बसवलेल्या अंगठ्या वाटल्या होत्या. अंगठी यंत्राला टेकवली की ते मालकाच्या आवडीची कॉफी देई. आमचा चहावाला अंगठी न बघता "साहेबांचा बिनसाखरेचा" ठेवून जातो, ते सोडा.

त्याच्याही आधीचे आमचे कालिदास. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. शकुंतला दुष्यंतापुढे उभी राहते, तो ओळखत नाही. तिची अंगठी पाण्यात पडलेली असते. पुढे ती माशाच्या पोटात सापडते आणि राजाला सगळं आठवतं. नाटक पाहताना मी नेहमी म्हणायचो, काय हा माणूस! बायकोला ओळखत नाही, अंगठीला ओळखतो!

हे म्हणायचा माझा अधिकार गेल्या नोव्हेंबरात गेला.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींनी आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. एक आजी आल्या. नवऱ्यामागे कुटुंब-निवृत्तिवेतन घेतात. गेली अकरा वर्षं त्या माझ्याच खिडकीवर येतात. अंगठा यंत्रावर ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला, ओला करून ठेवला. नाही.

"आजी, मशीन ओळखत नाही तुम्हाला."

"लेकरा, जन्मभर भांडी घासली. त्यातच झिजला असंल." मग त्यांनी बाही वर केली. हातावर हिरवट गोंदण होतं, नवऱ्याचं नाव. "हे बघ. समदे डाग मोडले. ह्ये तेवढं मोडता येत नाही. मेल्यावर बरूबर येतं म्हणत्यात."

मागे रांग होती. मी म्हणालो, "उद्या या."

आणि त्या गेल्या. एस.टी.नं, सोळा किलोमीटर. कागदी दाखल्याचा फॉर्म माझ्याच खणात होता. आजी समोर आहेत एवढं पाहून साहेबांनी सही केली असती, काम दहा मिनिटांत झालं असतं. पण यंत्रानं नाही म्हटल्यावर मला आजी दिसायच्याच बंद झाल्या होत्या.

मूळ महाभारतात अंगठी नाहीच. तिथं दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो ओळख नाकारतो. कालिदासानं त्याला शापाची सवलत दिली. मला ती लागू नाही. मी दुष्यंत खरा, पण महाभारतातला.

त्या रात्री मी तळमळत होतो. सकाळी अंगठी म्हणाली, झोप ८३. उत्तम.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. यंत्राकडे न जाता मी फॉर्म काढला, साहेबांची सही आणली, खुर्ची दिली. माफी मागावी असं मनात होतं. पण काउंटरवर त्याचा रकाना नसतो. आजीच म्हणाल्या, "काल रातच्याला झोपला न्हाईस व्हय रं? डोळं लाल दिसत्यात."

अंगठी मी भाच्याला कळू न देता कपाटात ठेवली आहे. परवा हिनं विचारलं, "झोप झाली का?"

मी सवयीनं बोटाकडे पाहिलं. बोट रिकामं.

"तूच सांग," म्हटलं.