देव एकच असेल, तर?

“देव सगळ्यांचा एकच. कुणी अल्ला म्हणतो, कुणी येशू, कुणी विठ्ठल. तुम्ही बुद्ध म्हणा!” धम्मदीक्षा घेतलेल्या घराला हे वाक्य शेजारी ऐकवतात, कारखान्यातले सोबती ऐकवतात, कधी आपलेच सोयरे ऐकवतात. ऐकायला ते गोड लागते. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : देव एकच, तर धर्म बदललात कशाला? त्याचे उत्तर प्रत्येक उपासक-उपासिकेला देता आले पाहिजे.

ज्यांचा देव एक म्हणता येईल अशांकडेच प्रथम पाहू. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिघेही आपली परंपरा अब्राहामाशी जोडतात. मुसलमान त्यालाच इब्राहिम म्हणतात. जग निर्माण करणारा ईश्वर एकच, हे तिघांनाही मान्य आहे. परंतु ख्रिस्ती लोक त्या एकाच ईश्वरात पिता, पुत्र व पवित्र आत्मा मानतात. येशू देवाचा पुत्र ही गोष्ट ज्यू आणि मुसलमान साफ नाकारतात. मग त्यांचा देव एकच की वेगवेगळा? हा वाद त्यांच्या पंडितांनी खुशाल करावा. आपला प्रश्न निराळा आहे. देव एक ठरल्याने माणसे एक होतात काय?

कोकणातील बेने इस्रायल पाहा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा देव एक, शब्बाथ एक. तरीही त्यांच्यात गोरे आणि काळे असा भेद पडला आणि दोघांत बेटीव्यवहार होत नसे. आपल्या घरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चोखामेळ्याचा आणि बडव्यांचा विठ्ठल एकच होता. पण बडवे गाभाऱ्यात आणि चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर! ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. देव एक असूनही शतकानुशतके दार बंदच राहिले.

यावर कोणी विचारील, “मग बाबासाहेबांनीच देहूरोडला पंढरपूरचा पांडुरंग म्हणजे बुद्ध असे सांगितले, त्याचे काय?” होय, सांगितले. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना करताना त्यांनी हे मत मांडले. परंतु ते मूर्तीच्या इतिहासाविषयीचे मत होते. विठ्ठलाला नवस केला की तो बुद्धाला पोहोचतो, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही त्यांतील पाचवी. मूर्ती एकच असली तरी तिच्यापुढे उभे राहून मागणे मागणारा आणि पंचशील घेणारा, हे दोघे एकच कृत्य करीत नाहीत.

हा वाद तथागतांपुढेही आला होता. तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण कोणाचा मार्ग ब्रह्माकडे नेतो म्हणून भांडत आले. वासेट्ठ म्हणाला, गावाला अनेक वाटा जातात, पण मिळतात गावातच. आपल्या भाषेत सांगायचे तर, आळंदीकडून या की देहूरोडकडून या, देहू तेच. तथागतांनी विचारले, तुमच्यापैकी किंवा तुमच्या आचार्यांपैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय? कोणीच पाहिला नव्हता. देहू आपण डोळ्यांनी पाहतो, म्हणून वाटांविषयी बोलू शकतो. जे गाव कोणीच पाहिले नाही, तिथे सगळ्या वाटा मिळतात हे कशावरून म्हणावे? पुढे तथागतांनी त्या तरुणांना मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा शिकविली. न पाहिलेल्या ब्रह्माकडून त्यांनी चर्चा माणसाच्या वागणुकीकडे आणली.

बंधुभगिनींनो, शेजाऱ्याशी वाद घालू नका. तुकोबांची पालखी दारावरून जाईल तेव्हा तहानलेल्या वारकऱ्याला पाणी द्या. ती मैत्री आहे. मात्र घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी दुसरा देव मांडू नका. मुलांनी विचारले तर सांगा : आपण एक देव टाकून दुसरा देव घेतलेला नाही. भगवान बुद्ध मोक्षदाता नव्हते, मार्गदाता होते. त्यांनी दाखविलेल्या मार्गावर आपल्यालाच चालायचे आहे, आणि माणसाला दूर लोटणारे दार आपल्या हातून कधी बंद होऊ द्यायचे नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!