दैव पाचवे

शाळेत मूल दगावले की पहिल्या दिवशी संताप असतो, आठवड्याने चौकशी समिती असते आणि वर्षभराने एकच वाक्य उरते: त्याचे आयुष्य तेवढेच होते. हे वाक्य आई म्हणते तेव्हा त्याला उत्तर नसते, देऊही नये. पण तेच वाक्य मुख्याध्यापकाच्या, संस्थाचालकाच्या किंवा शिक्षणाधिकाऱ्याच्या मनात घर करते, तेव्हा धर्मविचाराचा आडोसा घेतला जात असतो. गंमत अशी की ज्या परंपरेच्या नावाने हा आडोसा उभा केला जातो, तिने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. तो विचार नीट वाचला तर प्राथमिक शाळेतील आरोग्य आणि सुरक्षा कशी तपासावी, याचीही वाट त्यातून सापडते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना, थेट विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार म्हणजे माणसाचे प्रयत्न या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते. पुढचा युक्तिवाद तर आजच्या न्यायालयातही टिकावा असा आहे: सगळ्यांचे आयुष्य आधीच ठरलेले असते, तर कोणी औषध घेतले नसते, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूला झाले नसते. मग ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस आपल्या काळाने झिजून संपतो. पण गाडीत बेसुमार ओझे भरले, रस्ता खाचखळग्यांचा असला, तर तोच आस मधेच मोडतो. अकाली मृत्यू म्हणजे असा मधेच मोडलेला आस. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष हालचाली, आणि दैव. दैव पाचवे आहे. तिथे गीतेचा हेतू कर्तेपणाचा अहंकार उतरवण्याचा आहे, हे खरे. पण ज्याला आपण एकटेच कर्ते नाही हे कळले, त्याने उरलेल्या कारणांकडे अधिक नीट पाहायला हवे. पहिल्या चारांचा हिशेब न देता पाचव्याकडे बोट दाखवण्याची मुभा तिथेही नाही.

हा हिशेब मांडून पाहू. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराच्या झावळ्यांच्या छपराने पेट घेतला, आग वरच्या वर्गांच्या तशाच छपरापर्यंत गेली आणि ९४ मुले मरण पावली. अधिष्ठान म्हणजे ती इमारत, तिचे छप्पर, तिचा अरुंद जिना. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पोटात जाऊन २३ मुले गेली. तिथे साधन म्हणजे ते कीटकनाशक मिसळलेले स्वयंपाकाचे तेल. त्याविषयी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी शंका घेतली होती आणि तरी स्वयंपाक पुढे चालू राहिला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. दोन्ही ठिकाणी पहिली चार कारणे ओळीने सापडतात. दैवाच्या वाट्याला उरते ते इतकेच, की एखादे मूल त्या दिवशी तापामुळे घरी राहिले.

या चार कारणांमागे काय असते, त्याला चरकाने प्रज्ञापराध म्हटले आहे: धी, धृती आणि स्मृती ढळल्याने हातून घडणारे चुकीचे कर्म. शाळेची तपासणी करायला मला याहून चांगले माप दिसत नाही. धी म्हणजे धोका कळणे, आणि आपल्या तपासण्या बहुतेक इथेच थांबतात. अग्निशामक नळकांडे भिंतीवर आहे का, प्रथमोपचार पेटी आहे का, आहाराच्या चव नोंदवहीत आजची सही आहे का? कळले होते, याचा हा पुरावा झाला. धृती म्हणजे कळलेले असताना गैरसोय सोसून थांबणे, आणि तिच्यासाठी कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो. चव न आवडल्यामुळे एका दिवसाचे जेवण ओतून दिले, पाऊस वाढल्यावर जुन्या खोलीतला वर्ग व्हरांड्यात हलवला, अशी नोंद एखाद्या शाळेत सापडली तर केंद्रप्रमुख बहुधा खुलासा मागतील.

सर्वात दुबळी असते ती स्मृती. अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला, तो कुंभकोणमच्या पार्श्वभूमीवर. तरी जुलै २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेचे छत कोसळून सात मुले गेली, आणि खडे पडताहेत असे मुलांनी आधी सांगितले होते, हे पुन्हा बातम्यांतूनच कळले. आपल्याकडे महाराष्ट्रात मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा शासन निर्णय २०२२ चा; ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाल्यावर तीच सूचना नव्या निर्णयात पुन्हा द्यावी लागली. कागदाला आठवण असते, शाळेला नसते.

जपानमधील ओकावा प्राथमिक शाळेचा खटला या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर त्सुनामी शाळेपर्यंत पोचायला सुमारे पन्नास मिनिटे गेली. मागे टेकडी होती. तरी १०८ पैकी ७४ मुले आणि दहा शिक्षक गेले. नकाशाप्रमाणे शाळा पुराच्या पट्ट्याबाहेर होती, आणि शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत आसऱ्याची जागा म्हणून मोकळी जागा, बाग असे मोघम शब्द होते. सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दोष ठेवला तो त्या पन्नास मिनिटांपेक्षा त्याआधीच्या वर्षांवर: पुस्तिका वेळीच सुधारली नाही, यावर. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. नैसर्गिक आपत्तीपेक्षा दैवी घटना ती कोणती? आणि तिथेही न्यायालयाला चेष्टा आणि साधने वेगळी काढता आली.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे. दैव काढून घेतले तर दुःखी आईबापांच्या हाती फक्त कोणावर तरी राग धरणे उरते. पण दैवाचे सांत्वन ज्याचे गेले त्याच्यासाठी आहे. ज्याच्या हाती किल्ल्या होत्या त्याला ते उसने घेता येत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला अधिक जाचतो. जनगणना, निवडणूक, आहार, माहितीचे तक्ते, आणि वर आता प्रज्ञापराधाचे पाप! या ओझ्याखाली आणखी एक नोंदवही तेवढी जन्माला येईल. हे खरे आहे. पण चरकसंहितेच्या ज्या अध्यायात आयुष्याचा प्रश्न येतो, त्याच अध्यायात गावेच्या गावे उद्ध्वस्त होण्याचे मूळ देशाचे आणि नगराचे प्रमुख धर्म सोडतात यात सांगितले आहे. दोष वर चढतो. गळक्या खोलीत वर्ग भरवणाऱ्या बाईंच्या आधी, दुरुस्तीचा अर्ज तीन पावसाळे दाबून ठेवणाऱ्या कार्यालयाची धृती तपासली पाहिजे. मुले भित्री होतील, हा तिसरा आक्षेप मात्र फार वेळ घेण्याजोगा नाही. कामाइशी शहरात त्याच त्सुनामीत शाळेत असलेली जवळपास तीन हजार मुले वाचली. नकाशावर विसंबू नका, वाट न पाहता पळा, हे त्यांना आधीच शिकवलेले होते. त्यांतली बरीच मुले पहिल्या आसऱ्याच्या जागेवर न थांबता आणखी वर गेली. भित्र्या मुलांना हे जमत नाही.

उरतो तो सर्वात लाडका पुरावा: आमच्याकडे दहा वर्षांत काही झाले नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नागेल यांनी १९७६ मध्ये नैतिक नशीब या कल्पनेची चर्चा सुरू केली, ती इथे तंतोतंत लागू पडते. दोन शाळांत सारखेच सडके छत असते. एकीचे रविवारी पडते, दुसरीचे सोमवारी प्रार्थनेच्या वेळी. पहिलीला आपण सुरक्षित म्हणतो. म्हणजे अपघात टळल्याचे श्रेय घेताना आपण दैवाला आपल्या खात्यात जमा करतो आणि अपघात झाल्यावर त्याच्याच नावे खर्ची टाकतो. म्हणून शून्य अपघात हा निकष म्हणून मला निरुपयोगी वाटतो. तपासायला आलेल्या माणसाने वर्षभरात काय घडले, यापेक्षा काय थांबवले गेले हे विचारावे. जेवण वाढू नका असे स्वयंपाकीण बाईने म्हटले तर तिची मजुरी कापली जाते का? खडा पडला असे पहिलीतल्या मुलाने सांगितले तर ते लिहून कोण घेतो, आणि त्यावर कोणी वर पाहिले का? न कळवता घेतलेल्या कवायतीत किती मुले चुकीच्या दाराकडे धावली? या उत्तरांत काही चुका, काही टळलेले प्रसंग सापडले तर शाळेचे गुण कापू नयेत. जिथे असे एकही पान नाही, तिथे मात्र शाळा व्यवस्थापन समितीला समोर बसवून प्रत्येक खोलीचे छत दाखवायला सांगावे.