बाहत्तरची खडी

आष्टी तालुक्यातल्या एका गावाहून सकाळी निघणारी एसटी कॉलेजच्या पोरांनीच भरते. त्या दिवशी बाजार, त्यामुळे दाटी जास्तच. फाट्यावर एक आजी चढल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, काखेत पिशवी, हातात आधार कार्ड. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव' या पाटीखाली एक पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता आणि शेजारच्या जागेवर त्याची सॅक. आजी म्हणाल्या, "बाळा, ही पिशवी जरा घेतो का?"

"फुकटच तर फिरायचंय तुम्हाला. मागच्या गाडीनं यायचं ना!"

मागची पोरं खदाखदा हसली. त्या बोलण्यापेक्षा हे हसणं मला जास्त लागतं. उर्मट पोरगा प्रत्येक पिढीत एखादा असतोच. त्याला दाद मिळायला लागली, ही काळजीची गोष्ट आहे.

कंडक्टर पुढं आला. "तुझा पास दाखव. तिकिटाचा कितवा हिस्सा भरलास?"

"तिसरा."

"मग उरलेल्या दोन हिश्श्यांत तूही फुकट्याच की!"

पोरगा तोंड वाकडं करून उठला. आजींना जागा मिळाली, मान मात्र मिळाला नव्हता.

ओढ्यापुढच्या चढावर गाडी हळू झाली, तशा आजी खिडकीतून बघत म्हणाल्या, "ह्यो चढ आमीच केला. बाहत्तरच्या दुष्काळी कामावर." पोरगा दांडी धरून शेजारीच उभा होता. त्यानं न राहवून विचारलं, "म्हणजे काय केलं?"

"खडी फोडली. लेकरू बाभळीला झोळीत अन् मी उन्हात. खायला मिलोची, त्या लाल जोंधळ्याची भाकर, नाहीतर सुकडी." त्यांनी उजव्या हातानं डाव्या हाताचा अंगठा चाचपला. हातोडा बसून तो चपटा झाला होता, नख पुन्हा नीट आलंच नव्हतं. "तू कुणाच्या घरचा रं?"

त्यानं सांगितलं. आजींचा चेहरा उजळला. "अरं, तुझी आजी माझ्या जोडीला व्हती! माझं लेकरू तापलं, तवा माझ्या वाटची खडी तिनं फोडली. बरी हाय का ती?"

पोराला उत्तर देता येईना. आजी घरातच होती. पण ती बरी आहे का, हे त्यानं कित्येक दिवसांत विचारलं नव्हतं.

स्टँडवर त्यानं आजींची पिशवी उतरवून घेतली. "चुकलं माझं, आजी," एवढंच म्हणाला. संध्याकाळी तो घरी आजीपाशी जाऊन बसला. "आता कशाला ते?" म्हणणारी आजी मग जेवणं होईपर्यंत बोलत राहिली. त्याचा बापही ऐकत होता. त्यालाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

पोरांना मान द्यायचं कळत नाही, असं आपण उठताबसता म्हणतो. पण मान कुणाला आणि कशासाठी द्यायचा, हे घरात सांगतं कोण? तुमच्या गावच्या रस्त्यावर, तलावावर बाहत्तर साली कोण राबलं, हे आज घरी विचारा आणि विचारताना पोरांना जवळ बसवा. त्या कामावरची तरणी माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.