अरुंद पुलावरचा नियम



न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा हा पावसाचा मुलूख आहे. टास्मान समुद्रावरून ओले वारे येतात, किनाऱ्याला लागूनच उभ्या असलेल्या सदर्न आल्प्स पर्वतावर चढतात आणि आपलं पाणी अलीकडेच ओतून मोकळे होतात. होकिटिका या किनाऱ्यावरच्या गावात वर्षाला 2,800 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला ख्राइस्टचर्चला गेलं, की तोच आकडा 600-650 वर येतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की आपला पाऊस चार महिन्यांनी निरोप घेतो. तिथला बारा महिने येत-जात राहतो.

या किनाऱ्यानं आम्ही कॅम्परव्हॅननं प्रवास केला. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. मागे झोपायची जागा, बाजूला गॅसची शेगडी, भांडी विसळायला हातभर ओटा. बाहेर पाऊस कोसळत असला की सगळा संसार त्या चार पत्र्यांच्या आत येतो. ओले रेनकोट, वाफेनं धुरकटलेल्या काचा, शेगडीवर चहा. मधली वाट इतकी चिंचोळी, की एकानं उठायचं तर दुसऱ्यानं पाय पोटाशी घ्यायचे. कुणी कुणासाठी सरकायचं, हे न बोलता जमू लागलं की प्रवास सुखाचा होतो.

गाडीतली ही शिकवण पुढे रस्त्यावरही भेटते. हा संपूर्ण प्रदेश लांबीला सुमारे 600 किलोमीटर, आणि माणसं जेमतेम तेहतीस हजार. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. फॉक्स ग्लेशियर हे गाव सोडलं की हास्ट गाव येईपर्यंत सुमारे 120 किलोमीटर जंगल, समुद्र आणि नद्या. हास्टकडून उत्तरेला येणारा हा दुवा 1965 साली जोडला गेला, तेव्हा कुठे किनाऱ्याचा रस्ता सलग झाला. डोंगर उंच, समुद्र जवळ, पाऊस अपार. त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर नदी आडवी येते. इतक्या थोड्या लोकांसाठी इतके पूल बांधायचे कसे? तिथल्या लोकांनी उत्तर शोधलं: पूल एकेरी बांधायचे. एका वेळी एकच गाडी जाईल एवढेच रुंद. हास्ट नदीवरचा पूल 700 मीटरहून लांब आहे, आणि तोही एकेरीच. मधे कुठे कुठे गाडी बाजूला घ्यायला जागा आहे, एवढंच. तारामकाऊ नदीवर तर 2018 पर्यंत मोटारी आणि आगगाडी एकाच पुलावरून जात होत्या.

अशा पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक पाटी असते. पाटीवर दोन बाण. एक मोठा, एक छोटा. आपल्या दिशेचा बाण मोठा असेल तर आपण आधी जायचं. आपला बाण छोटा आणि लाल असेल तर थांबायचं. समोर छोटी मोटार आहे की भला मोठा ट्रक, आत मंत्री बसले आहेत की गुराखी, याचा पाटीला पत्ताच नसतो. भर पावसात गाडी उभी करायची, समोरच्याला येऊ द्यायचं. जाता जाता तो स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो आणि मग आपण निघायचं.

मला वाटतं, तो पूल अर्धाच बांधलेला असतो. दुसरी मार्गिका काँक्रीटची नसते. ती थांबणाऱ्या माणसाच्या समजूतदारपणाची असते. ती नसेल तर अर्धा पूल निरुपयोगी आहे. ती असेल तर गरिबीतही, निर्जनातही, रस्ता शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो.

तिथे नदीलाही वाट द्यावी लागते. मार्च 2019 मध्ये मुसळधार पावसात फ्रान्झ जोसेफ गावाजवळचा वायहो नदीचा पूल वाहून गेला. पलीकडच्या गावाला जायचं तर डोंगर ओलांडून, दुसऱ्या किनाऱ्याला वळसा घालून शेकडो किलोमीटर जावं लागत होतं. तीन आठवड्यांच्या आत तिथे पुन्हा पूल उभा राहिला. त्या किनाऱ्यावर अतिवृष्टीत रस्ता बंद होतो, तेव्हा प्रवाशानं मुकाट थांबायचं असतं. 2013 साली हास्ट खिंडीत दरडी कोसळल्या, तेव्हा कॅम्परव्हॅनमधून जाणाऱ्या दोन परदेशी प्रवाशांचा जीव गेला. ओल्या डोंगराशी कुणाची घाई चालत नाही.

पण त्या एकेरी पुलांची सगळ्यात सुंदर गोष्ट परतीच्या प्रवासात समजते. जाताना ज्या पुलावर आपण थांबलो, त्याच पुलावर येताना मोठा बाण आपल्या वाट्याला येतो. थांबणारा कायमचा थांबणारा नसतो. आज माझी पाळी, उद्या तुमची.

आपल्याकडेही घाटात असाच एक शहाणा नियम आहे. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या गाडीनं चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ज्याच्यावर ओझं जास्त, ज्याला एकदा थांबल्यावर पुन्हा उचल घेणं अवघड, त्याचा मान पहिला.

पाळी बदलायची, किंवा ओझं पाहायचं. श्रोतेहो, या दोनच कसोट्यांवर आपण आपलं घर आणि कचेरी तपासून पाहूया. आपल्याकडे लाल बाण बहुतेक वेळा त्याच त्या माणसांच्या वाट्याला येतो. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायला बसणारी आई. मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांची पथ्यं यांत स्वतःचं शिक्षण पुढे पुढे ढकलणारी सून. साहेबांची बैठक लांबली म्हणून घरी उशिरा पोहोचणारा शिपाई. त्यांनी वाट दिली म्हणून आपण पार झालो. पण परतीच्या वेळी मोठा बाण त्यांच्याकडे वळला का? ज्यांची चढण खडी होती, त्यांना आपण उतरताना थांबून जाऊ दिलं का?

सोशिकपणाचं कौतुक करून हे ऋण फिटत नाही. त्यासाठी आपल्याला प्रत्यक्ष थांबावं लागतं. आज आपल्या घरात नेहमी थांबणारं माणूस कोण, ते ओळखूया. आणि आज त्याला आधी जाऊ देऊया.