खांद्यांची उसंत

मान धरणं, खांदे भरून येणं, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कळ येत राहणं या तक्रारी आता इतक्या सर्रास झाल्या आहेत की त्यांची कुणी वेगळी दखलही घेत नाही. बाम चोळायचा, शेक घ्यायचा, फारच झालं तर एखादी गोळी घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं, अशी आपली रीत. कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. बसायची पद्धत चुकते, उशी उंच आहे, मणक्यात गॅप आलाय. पण मनावरचा ताण आणि हे दुखणं यांचा संबंध संशोधकांनी तपासला, तेव्हा विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आली. मान आणि खांद्यांचे स्नायू केवळ जड ओझ्याने दुखावतात असं नाही. ओझं अगदी हलकं असलं, पण ते क्षणभरही उतरलं नाही, तरी ते दुखावतात. आणि ताणात असलेलं मन हे ओझं उतरू देत नाही.

कवटीच्या तळापासून निघून मानेवरून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपेझियस. कार्यालयात साहेबांचं बोलावणं आलं, हप्ता थकल्याचा मेसेज मोबाइलवर दिसला, मुलाच्या शाळेतून अवेळी फोन आला, की या स्नायूची हालचाल नीट पाहावी. खांदे नकळत कानांच्या दिशेने बोटभर वर सरकतात, जबडा आवळला जातो, श्वास पोटातून निघून छातीच्या वरच्या भागात येतो आणि तो ओढण्याचं काम मानेच्या स्नायूंवर पडतं. निरोप वाचून होतो, फोन ठेवला जातो, पण खांदे पूर्ण खाली येत नाहीत. स्टॉकहोममध्ये उल्फ लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांना तोंडी हिशेबासारखी डोक्याची कामं दिली होती. उचलायचं काहीच नव्हतं, तरीही ट्रॅपेझियसमधली विद्युत् हालचाल वाढली. पुढे 1999 मध्ये त्यांनी सुपरमार्केटच्या काउंटरवर काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांची मान आणि खांदे दुखत होते, त्यांच्या या स्नायूत कामाच्या वेळी ताण अधिक आढळला आणि काम संपल्यावरही आपण ताणातच असतो, असं त्यांनी सांगितलं.

पण इतक्या हलक्या ताणाने स्नायू दुखावा का? इथे नॉर्वेतला एक अभ्यास मोलाचा ठरतो. बो वायरस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅकिंगच्या कामावर नव्याने लागलेल्या स्त्रियांच्या खांद्यांतली हालचाल नोंदवली आणि पुढे त्यांच्या तब्येतीकडे लक्ष ठेवलं. हातातलं काम सारखंच होतं. तरी काहींच्या स्नायूंना कामाच्या ओघातच विश्रांतीचे अगदी छोटे छोटे क्षण मिळत होते, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढेसुद्धा. ज्यांच्या नोंदीत हे क्षण कमी होते, त्यांच्यात पुढे खांदेदुखी अधिक उद्भवली. स्वीडनच्या योरान हेग यांनी 1991 साली याची एक संभाव्य उपपत्ती मांडली. कोणतंही काम सुरू झालं की स्नायूतले लहान तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत तेच राबत राहतात. मोठे तंतू गरजेपुरते येतात आणि जातात. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर निजणारी सिंड्रेला, तसे हे तंतू, म्हणून हेग यांनी त्यांना तिचंच नाव दिलं. ही उपपत्ती म्हणजे अंतिम शब्द नव्हे. झोप, रक्तपुरवठा, वेदनेची संवेदनशीलता यांचाही दुखण्यात वाटा असतो आणि ताणात असलेल्या प्रत्येकाची मान दुखतेच असं नाही. पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो बसण्याच्या पद्धतीचा. मान पुढे झुकवून मोबाइल पाहिला की मानेवर 27 किलोचा भार पडतो, हा संदेश आपल्यापैकी अनेकांना आला असेल. तो आकडा 2014 साली एका अमेरिकी शल्यविशारदाने गणिती आकृतीवरून काढला होता. तो साठ अंशांच्या झुकावासाठी होता आणि त्या अभ्यासात कुणाचं दुखणं तपासलेलं नव्हतं. उलट ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मानेची ठेवण नोंदवून त्यांना बावीस वर्षांचे होईपर्यंत पाहिलं गेलं, तेव्हा पोक काढून बसणाऱ्यांची मान पुढे जास्त दुखली, असं आढळलं नाही. दुसरा आक्षेप मणक्याचा. जपानमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या 1211 लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, तर त्यांतल्या 87.6 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. वयानुसार मणक्यात असे बदल होतातच. म्हणून रिपोर्टमधल्या प्रत्येक शब्दाने घाबरून मानेला पट्टा बांधून बसण्याचं कारण नाही. मात्र हातात मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावं. छातीत दडपण, घाम आणि जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. तिथे एक मिनिटही दवडू नये.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कारण मनात असेल तर हे दुखणं म्हणजे मनाचे खेळच ना? मुळीच नाही. यंत्रावर उमटणारी स्नायूची हालचाल ही कल्पना नसते. मन आणि स्नायू एकाच मज्जासंस्थेने जोडलेले आहेत, आणि म्हणूनच उपायाची वाटही दोन्हीकडून जाते. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी 1929 साली आपल्या ग्रंथात स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती. 1969 साली मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर शवासनाचा परिणाम तपासून तो निबंध प्रसिद्ध केला. तो अभ्यास लहान होता आणि रक्तदाबापुरता होता. पण स्नायू सैल सोडणं हा वैद्यकाने मनावर घेण्याजोगा विषय आहे, ही जाण मुंबईत तेव्हापासून आहे.

मग करायचं काय? दिवसातून काही वेळा, कामाच्या जागीच, खांदे मुद्दाम कानांपर्यंत उचलावेत, पाच सेकंद आवळून धरावेत आणि श्वास सोडताना एकदम सैल सोडावेत. सोडल्यावर जे वाटतं, तिकडे क्षणभर लक्ष द्यावं. खांदा आवळलेला आहे हे कळण्यासाठी सैल खांदा कसा असतो, हे शरीराला आधी माहीत व्हावं लागतं. याला जोड हवी ती ताकदीची. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 जणांवर झालेला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की रबरी पट्टी ताणून हात बाजूने वर नेण्याचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं केला, तरी दहा आठवड्यांत दुखणं लक्षणीय कमी झालं. बारा मिनिटं करणाऱ्यांना थोडा अधिक फायदा झाला, पण दोन मिनिटंही वाया गेली नाहीत. मालीश आणि शेक यांनी बरं वाटतं, ते जरूर घ्यावेत. पण दुसऱ्या दिवशी स्नायूला पुन्हा दहा तास उसंत मिळणार नसेल, तर तो आराम टिकायचा कसा?

इथे शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप समोर येतो. ही उसंत आणायची कुठून? ग्राहकांची रांग लागलेली कॅशियर, टार्गेटखाली दबलेला कॉल सेंटरमधला तरुण, शिलाई मशीनवर नगावर पैसे मिळवणारी कामगार, पहाटे डबे करून लोकल गाठणारी आणि रात्री ओटा आवरून निजणारी नोकरदार स्त्री यांना सैल व्हा म्हणून सांगणं सोपं आहे. पण त्यांचा वेळ त्यांच्या हाती नसतो. म्हणूनच हे दुखणं एकेकट्याच्या शिस्तीवर सोपवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासांतल्या कॅशियर आणि पॅकिंग कामगार स्त्रियाच होत्या, याचाही विचार व्हायला हवा. काम देणाऱ्याने तासाला दोन मिनिटांची मोकळीक दिली, एकाच जागी एकच काम दिवसभर न देता ते आलटून पालटून दिलं, कामाची वेळ संपल्यावर फोन करणं टाळलं, तर तो औषधोपचाराइतकाच खरा उपाय आहे. घरातही रात्रीचा ओटा दुसऱ्या कुणी आवरला, तर तिथेही एका थकलेल्या खांद्याला उसंत मिळते. आपल्या खांद्यांना विसावा देणं हे प्रत्येकाचं स्वतःचं काम आहे, आणि आपल्यासाठी राबणाऱ्याला तो मिळेल असं पाहणं ही आपली जबाबदारी आहे. आज दिवसभरात कुणाला काम सांगाल, तेव्हा त्या कामात थोडी उसंतही ठेवा.